घरून साड्या विकणाऱ्या टीमला रोज हुरूप देणारे मेसेज: खरंच उपयोग होतो का?

वीणा_नाशिक

नमस्कार मंडळी. इथे विक्रीत मुरलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

माझा साड्यांचा आणि ड्रेस मटेरियलचा ऑनलाइन व्यवसाय आहे. दुकान नाही. माल सुरत, इचलकरंजीचा आणि थोडा येवल्याचा. विकणाऱ्या साधारण चाळीस जणी आहेत. नाशिक, सिन्नर, निफाड, संगमनेरच्या, दोघीतिघी पुण्यातल्या. कुणी गृहिणी, कुणी अंगणवाडीत, कुणाचं घरातच पार्लर. मी ग्रुपवर फोटो टाकते, त्या ते स्टेटसला, इन्स्टाग्रामला, भिशीच्या ग्रुपवर टाकतात. ऑर्डर आली की मला कळवतात आणि पार्सल मी पाठवते. मार्जिन त्यांचं त्या ठरवतात.

पगार नाही, हजेरी नाही, कुणी साहेब नाही. त्यांनी आज काम करावं यासाठी माझ्या हातात शब्दांखेरीज काहीच नाही. म्हणून रोज सकाळी नऊला मी ग्रुपवर मेसेज टाकते. उदाहरणार्थ: "सुप्रभात मैत्रिणींनो! आजचा दिवस तुमचा आहे. मनापासून प्रयत्न करा, यश तुमच्या दारात येईल."

सुरुवातीला याला भरभरून उत्तरं यायची. आता जोडलेले हात येतात, तेही पाचसहा. नियमित विकतात त्या आठदहा जणी, बाकीच्या वाचतात आणि गप्प. पण मध्यंतरी सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा काही दिवस मेसेज गेला नाही, तर दोघींचे फोन आले, "ताई, मेसेज नाही, सगळं बरं आहे ना?" म्हणजे कुणीतरी वाट पाहतंय.

तर प्रश्न असे. रोज लिहावं का आठवड्यातून एकदा? लिहायचं काय? आणि पितृपक्षासारख्या मंदीच्या दिवसांत ऑर्डरच नसतात, तेव्हा कुठल्या तोंडाने उमेद द्यायची?

चिंच_गूळ

सूर्योदय, कपबशी आणि गुलाब असलेले फोटो टाकत नाही ना? मग तुम्ही अर्धी लढाई जिंकलात. २०१८ साली भारतातले शुभ सकाळवाले फोटो इतके झाले होते की फोनमधली जागा मोकळी करायला गुगलला त्यांच्या अ‍ॅपमध्ये खास सोय द्यावी लागली होती.

वीणा_नाशिक

नाही हो, फोटो साड्यांचेच. 🙂

टार्गेटग्रस्त

ताई, मी दुसऱ्या टोकाला होतो, म्हणजे मेसेज येणाऱ्या बाजूला. एका ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या कंपनीत दीड-दोन वर्षं काढली. काम फोनवरचं. पालकांना गाठायचं, डेमो लावायचा, फी भरून घ्यायची.

सकाळी आठला मॅनेजरचा मेसेज: "चॅम्पियन्स, आज फोडायचंय!" अकराला आकडे, दोनला आकडे, सहाला सगळ्यांच्या नावांची यादी, वरून खाली. शेवटच्या तिघांची नावं लाल रंगात. रात्री साडेदहाला परत, "अजून दोन तास आहेत, कोण क्लोज करणार?" आणि यादीखाली दर वेळी एक प्रेरणादायी वाक्य.

सुरुवातीला अंगात यायचं, खोटं कशाला बोलू. दोनेक महिन्यांनी तो टोन वाजला की पोटात गोळा. माझ्या शेजारी बसणारा मुलगा चांगला बोलायचा, पालकांना नीट समजावून सांगायचा, मुलाला गरज नसेल तर तसं सांगून फोन ठेवायचा. तो कायम लाल रंगात. सोडून गेला. ज्यांनी कर्जाचे हप्ते गळ्यात मारून फी भरून घेतली, त्यांच्या नावापुढे रोज ट्रॉफी. ग्रुपमध्ये कौतुक कशाचं होतं यावरून टीम काय शिकायचं ते शिकते. तुम्ही आकड्याचं कौतुक केलंत तर आकडे येतील, पण कसे आले ते तुम्हाला कळणार नाही.

घाटमाथा

@टार्गेटग्रस्त, अर्धा सहमत. मी बारा माणसांची टेलिसेल्स टीम सांभाळतो. यादी लावली की काही जणांना खरंच चेव येतो, विशेषतः नव्या पोरांना. मी फक्त वरचे तीन लावतो. खालच्यांशी बोलायचं ते एकट्याशी, फोनवर. चारचौघांत कौतुक आणि कान धरायचा तो दार लावून, हे आमच्या जुन्या साहेबांनी शिकवलं.

आणि रोजचा मेसेज बंद करू नका असं माझं मत. तो मजकुरासाठी नसतो. दुकानाचं शटर वर गेलंय हे कळण्यासाठी असतो. घरून काम करणाऱ्या माणसाला दिवस सुरू झाला हे सांगणारं कुणी नसतं.

टार्गेटग्रस्त

वरचे तीन दर वेळी तेच असले तर बाकीचे नऊ बघायचंच सोडून देतात, त्याचं काय करता?

घाटमाथा

रास्त प्रश्न. म्हणून निकष बदलत राहतो. एका आठवड्यात सर्वांत जास्त जुने ग्राहक परत आणणारा, दुसऱ्या आठवड्यात तक्रार सर्वांत नीट मिटवणारा. नावं आपोआप बदलतात.

संगमेश्वरी

वीणाताई, मी तुमच्या टीममधली नाही, पण अगदी तुमच्या टीममधल्या बाईसारखीच आहे. तीन वर्षं दोन वेगवेगळ्या ताईंचे कपडे विकतेय. म्हणून घेणारीच्या बाजूने लिहिते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट वेळ. सकाळी नऊला माझ्या हातात पोळपाट असतो. मुलाची व्हॅन नऊ वीसला, नवऱ्याचा डबा त्याच्या आधी. त्या वेळी "आजचा दिवस तुमचा आहे" असं वाचलं की वाटतं, नाही हो, आजचा दिवस अजून तरी सगळ्या घराचा आहे. मला फोन नीट हातात मिळतो तो दुपारी दोननंतर. भांडी आवरून जरा टेकते तेव्हा. माझी गिऱ्हाइकंही तेव्हाच मोकळी असतात. दुपारी दोनचा मेसेज मी वाचते आणि लगेच पुढे कामालाही लागते.

दुसरं म्हणजे मजकूर. एका ताईंचे मेसेज सुविचारांचे असतात. वाईट नाहीत, पण आज विचारलंत तर एकही आठवत नाही. दुसऱ्या ताईंचा एक मेसेज मात्र मी अजून जपून ठेवलाय. मी एका गिऱ्हाइकाला आपणहून लिहिलं होतं की फोटोत हा रंग राणी दिसतो पण प्रत्यक्षात थोडा वांगी छटेकडे जातो, चालेल ना? तिने तरी घेतली. ताईंना कळल्यावर त्यांनी मला एकटीला लिहिलं: "तू रंगाबद्दल आधीच सांगितलंस म्हणून ती साडी परत आली नाही. तुझं ते वाक्य मी आता सगळ्यांना वापरायला सांगणार आहे, तुझं नाव घालून." आणि खरंच ग्रुपवर घातलं. मला पगारवाढ मिळाल्यासारखं झालं. घरात माझ्या या कामाला अजून "तुझे ते मोबाइलवरचे उद्योग" म्हणतात. त्या दिवशी मी तो मेसेज नवऱ्याला वाचून दाखवला.

तिसरं, मला उत्साह कशाने येतो ते सांगू? साडीचा उजेडात काढलेला फोटो, पदर आणि काठ वेगळे, ब्लाउजपीस आहे की नाही, लांबी किती, पहिल्या धुण्यात रंग जातो का, पिको-फॉल करून मिळेल का. हे सगळं सोबत आलं की माझी हिंमत दुप्पट होते, कारण गिऱ्हाइकाने विचारल्यावर मला "ताईंना विचारून सांगते" म्हणावं लागत नाही. "ताईंना विचारून सांगते" म्हटलं की पाचातल्या दोघीतिघी परत येतच नाहीत.

वाटसरू_७२

संगमेश्वरी, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

सावली_पाटणकर_नव्हे

+१. धागाकर्तीने हाच प्रतिसाद छापून भिंतीला लावावा.

अभ्यासू

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. संगमेश्वरी यांनी जे सांगितलं त्याला संशोधनाचा आधार आहे. क्लूगर आणि डेनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये, माणसाला त्याच्या कामाबद्दल काही सांगितल्याने कामगिरीवर काय परिणाम होतो, यावरचे तोवरचे प्रयोग एकत्र मांडले. सरासरीने काम सुधारतं असंच निघालं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते चक्क बिघडलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की बोलण्यामुळे माणसाचं लक्ष हातातल्या कामाकडे गेलं तर फायदा होतो, स्वतःकडे गेलं ("मी हुशार आहे की नाही, माझी लायकी आहे की नाही") तर परिणाम कमी होत जातो. "तू ग्रेट आहेस" आणि "तू रंगाबद्दल आधी सांगितलंस ते बरं झालं" या दोन वाक्यांत हाच फरक आहे.

दुसरा प्रयोग एडवर्ड डेसी यांचा, १९७१ चा. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काहींना मध्ये त्याचे पैसे दिले. पुढे पैसे थांबल्यावर त्या मुलांचा कोड्यातला रस कमी झाला. तोंडी कौतुकाचा तसा दुष्परिणाम त्यांना दिसला नाही. त्यामुळे दर बारीकसारीक गोष्टीला बक्षीस लावण्याआधी विचार करा.

कोल्हापुरी_ठसका

मास्तर, कोडं सोडवणारी पोरं आणि घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायका यांत फरक आहे की नाही? इथे कुणी गंमत म्हणून साड्या विकत नाही. दोन हजार जास्त मिळाले तर रस वाढेलच.

अभ्यासू

तुमचं म्हणणं बरोबर आहे. ज्या कामाचं कारणच मुळात पैसा आहे तिथे तो प्रयोग जसाच्या तसा लागू होत नाही. मेहनतीचे पैसे पूर्ण आणि वेळेवर मिळायलाच हवेत. माझा रोख "आज पाच स्टेटस टाकणारीला पन्नास रुपये" अशा बक्षिसांवर होता. त्यातून पाच स्टेटस पडतील, साडी एकही जाणार नाही.

रोखठोक

मला जरा वेगळी काळजी वाटते, आणि ती मनापासून मांडतोय, वीणाताईंवर शंका म्हणून नाही. "स्वप्नं मोठी ठेवा, यश दारात येईल" छापाची भाषा मी ऐकली ती एका साखळी मार्केटिंगच्या ग्रुपमध्ये. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी त्या भाषेला भुलून कपाट भरेल इतकी पावडर आणि शाम्पू घेतले. रोज सकाळी ग्रुपवर कुणीतरी गाडी घेतल्याचा फोटो. कुणी शंका विचारली की उत्तर एकच, "निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा". काकूंचा माल संपला नाही, आणि त्यांना तो स्वतःचा दोष वाटत राहिला. हे मला सगळ्यात क्रूर वाटतं. माल खपत नाही याचं कारण बाजारात असतं आणि खापर त्या बाईच्या जिद्दीवर फुटतं.

१९७८ चा पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा आहेच, शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले, त्यांत पिरॅमिड योजनांना साफ मनाई आहे. पण नियम असले तरी भाषा जागेवरच आहे. म्हणून म्हणतो, ती भाषा तुमच्यासारख्या सरळ व्यवसायाने वापरू नये.

वीणा_नाशिक

@रोखठोक, बरं झालं हे बोललात. माझ्याकडे नाव नोंदवायला पैसे नाहीत, माल घरी भरायचा नाही, कुणी नवीन बाई आणली म्हणून तिच्या विक्रीवर दुसरीला काही मिळत नाही. साडी विकली तर पैसे. पण "यश दारात येईल" हे वाक्य मला आता स्वतःलाच नको वाटतंय.

@संगमेश्वरी, तुमचं दुपारी दोनचं मी आजच टीममधल्या तिघींना विचारलं. दोघी म्हणाल्या दुपारचंच बरं. पार्लरवाली म्हणाली रात्री नऊ, दुपारी तिच्याकडे गर्दी असते.

माणदेशी

एक विचारू? या चाळीस जणींना पैसे कधी मिळतात?

वीणा_नाशिक

पार्सल पोचलं आणि परतीची मुदत गेली की. कॅश ऑन डिलिव्हरीचे कुरिअरकडून यायला वेळ लागतो, त्यामुळे तारीख पुढेमागे होते.

माणदेशी

मग माझं उत्तर तिथे आहे. माझा मसाल्यांचा आणि शेंगदाणा चटणीचा धंदा आहे, ऑनलाइन विकणाऱ्या बारापंधरा जणी. मी दर शनिवारी संध्याकाळी हिशेब करून पैसे सोडते. कुरिअरचे आले असोत वा नसोत, पोचलेल्या पार्सलचे मी माझ्याकडून देते. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. शनिवारी फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला की रविवारी सकाळी माझ्या ग्रुपवर मी काही लिहायच्या आधीच त्यांची स्टेटसं पडलेली असतात. तारीख हलली की बाई विचारायला संकोचते, आणि संकोचली की हळूहळू कामातून अंग काढून घेते. तोंडाने सांगत नाही.

घाटमाथा

लाख बोललात.

इगतपुरी_लोकल

अवांतर, पण परतीच्या पार्सलांबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या भाषेत आरटीओ, म्हणजे "रिटर्न टू ओरिजिन". पार्सल गेलं, गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही किंवा "आता नको" म्हणाला, माल माघारी. जाण्यायेण्याचं भाडं अंगावर, आणि विकणारीने मनात मोजलेले दोनशे रुपये गेले. माझ्या बायकोची दोन पार्सलं एका आठवड्यात परत आली तेव्हा ती चार दिवस ग्रुपच उघडत नव्हती. त्या चार दिवसांत "हसत राहा, पुढे चला" वाचून तिला रागच आला असता.

वीणा_नाशिक

हो, हे अगदी होतं. मग तुम्ही काय केलंत?

इगतपुरी_लोकल

तीन गोष्टी. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन, "ताई, उद्या निघतंय, घरी कोण असेल?" पत्त्यात पिनकोड आणि दुसरा मोबाइल नंबर असल्याशिवाय पार्सल बांधायचंच नाही. आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला पन्नास रुपये कमी. परती पूर्ण बंद झाल्या नाहीत, पण खूप घटल्या.

देवगडी_पायरी

पत्त्यावरून आठवलं. आम्हाला एक ऑर्डर आली होती, पत्ता "मारुती मंदिराच्या मागे, निळा गेट". कुरिअरवाल्याचा फोन, "साहेब, गावात मारुतीची तीन देवळं आहेत, आणि निळे गेट मोजायला मला वेळ नाही."

चिंच_गूळ

रत्नागिरीत असता तर मारुती मंदिर म्हटल्यावर थेट सर्कलवर नेऊन ठेवलं असतं. 😀

देवगडी_पायरी

आता मंदीच्या प्रश्नावर, कारण तो कुणी घेतलाच नाही. आमचा हापूस. मार्च ते मे धावपळ, जूनपासून शांत. ऑनलाइन ऑर्डर घेणारी आमची आठ पोरं-पोरी आहेत. पहिल्या वर्षी पावसाळ्यातही मी "चला, जोर लावूया" लिहायचो आणि ते बिचारे जोर लावायला आंबा कुठून आणणार? मग आम्ही त्या महिन्यांचं कामच वेगळं ठरवलं. हंगामातल्या गिऱ्हाइकांची यादी नीट करायची, कुणाच्या पेटीत डागी फळ निघालं होतं त्याला फोन करून विचारपूस करायची, आमरस-कोकमाच्या बाटल्यांचे फोटो काढायला शिकायचं. मेसेज त्या कामाबद्दल. विक्रीचा शब्दही नाही. पुढच्या फेब्रुवारीत पेट्यांचं आगाऊ बुकिंग त्या यादीतूनच झालं.

ताई, पितृपक्षात तुमच्याकडे नवी साडी कुणी घेणार नाही, ते मान्य करून टाका आणि तसं त्यांना लिहाही. "पंधरा दिवस ऑर्डर कमीच राहतील, यात तुमची चूक नाही." हे एक वाक्य माणसाला किती सोडवतं! मग घटस्थापनेला नऊ रंगांची तयारी करायला तो काळ उत्तम. रंगांप्रमाणे फोटो लावून ठेवायचे, जुन्या गिऱ्हाइकांना आवडीचा रंग विचारायचा.

संगमेश्वरी

नऊ रंगांचं खरंच. ज्या वर्षी ताईंनी फोटो रंगवार आधीच दिले त्या वर्षी माझ्या शाळेतल्या शिक्षिकांच्या एकाच ग्रुपमधून भरपूर ऑर्डर आल्या. ऐन दिवशी शोधत बसलं की दिवस जातो.

गिरगावकर_नाना

प्रतिसाद वाचतोय. एक जुनं उदाहरण आठवलं. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी सुरू केला, ऐंशी रुपये उसने घेऊन. तिथे बायकांना काम करायला कुणी भाषण देत नव्हतं. सकाळी लाट्या न्यायच्या, लाटून वाळवून आणायच्या, मोजून मोबदला घ्यायचा. आणि प्रत्येक बहीण त्या संस्थेची मालक. पापडाची प्रत राखायची का, हे वेगळं सांगावं लागत नाही मग. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

वीणाबाई, तुमच्या चाळिसांना एखादा निर्णय द्या की. पुढच्या लॉटमध्ये कुठले रंग मागवायचे हे त्यांना विचारा. गिऱ्हाइकाशी त्या बोलतात, तुम्ही नाही.

बे_एरिया_मधून

नानांशी सहमत. एक मात्र सांगावंसं वाटतं. रात्री नऊचा मेसेज मला खटकला. कामाच्या वेळेनंतर फोन बंद ठेवण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणलाय. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. प्रेमाने पाठवलेला असला तरी रात्रीचा मेसेज हे कामच.

कोल्हापुरी_ठसका

अहो, पार्लरवालीला दिवसभर वेळच नाही, ती स्वतः म्हणतेय रात्री नऊ. तिचा वेळ तिला ठरवू द्या की!

बे_एरिया_मधून

ठीक. मग ग्रुप म्यूट करायला स्वतःहून सांगा आणि उत्तराची अपेक्षा नाही हे लिहा. गप्प राहणारीला अपराधी वाटू नये एवढंच माझं म्हणणं.

तांत्रिक_तात्या

त्यासाठी सोपी सोय. ग्रुप दोन करा. एकात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग, त्यात फोटो, माहिती, हिशेब. दुसरा गप्पांचा. हल्ली काय होतं, शंभर जोडलेल्या हातांखाली साडीची किंमत सापडत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भानगडीत पडणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात.

वीणा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. दोन ग्रुप आज केले. पैशांचा वार बुधवार ठरवला, माणदेशी यांच्यासारखी थोडी रक्कम बाजूला काढून. पुढच्या लॉटचे रंग टीमला विचारले, तर अंगणवाडीतल्या ताई, ज्या कधीच बोलत नाहीत, त्यांनी पाच ओळींचं उत्तर दिलं. त्यांच्या भागात लग्नात द्यायच्या साड्यांना हिरवा आणि लिंबू कलर जातो, गडद निळा कुणी घेत नाही, आणि सहाशेच्या वरची साडी आहेरात चालत नाही. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आता शेवटचं. ज्या तीसेक जणी गप्प आहेत त्यांचं काय? एक मैत्रीण म्हणते ग्रुपमधून काढ, बाकीच्यांवर वाईट परिणाम होतो. माझं मन होत नाही.

रोखठोक

काढू नका. त्या फुकट बसल्यात तरी तुमचं काय जातंय?

घाटमाथा

पगारी टीम असती तर मी वेगळं सांगितलं असतं. इथे काढण्यात अर्थ नाही. पण त्यांना धरून रोज सगळ्यांना ढोसणंही बंद करा. जागृत आहेत त्यांच्यासाठी लिहा.

माणदेशी

एकेकीला फोन करा. मेसेज नको, फोनच. रोज दोघी. "विक्री का नाही" असं विचारायचं नाही, "कशा आहात" एवढंच. माझ्याकडची एक बाई तीन महिने गप्प होती. फोन केल्यावर कळलं, घरात फोन एकच, मुलगा दहावीला, फोन त्याच्याकडे. ती म्हणाली, "ताई, मार्चनंतर बघा." एप्रिलपासून ती माझी पहिल्या तिघींत आहे. दुसरी एक म्हणाली, नणंद त्याच ग्रुपमध्ये आहे, तिच्या गिऱ्हाइकांना कसं विचारू? तिला मी मसाले सोडून फक्त चटण्या दिल्या, वाद संपला. या गोष्टी ग्रुपवर कुणी लिहीत नसतं.

संगमेश्वरी

हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्याही काही गप्प राहण्याला कारणं होती आणि कुणी विचारलं नव्हतं.

अभ्यासू

मूळ प्रश्न "रोज की आठवड्याला" असा होता. त्यावर माझं मत: माहिती रोज, कौतुक घडेल तेव्हा. कौतुकाला वार ठरवला की तो नेमून दिलेला कार्यक्रम होतो.

घाटमाथा

आणि शटर वर गेल्याचा मेसेज रोज. मी त्यावर ठाम आहे. दोघींनी फोन करून विचारलं होतं ना, मेसेज का नाही म्हणून.

वीणा_नाशिक

दोन्ही पटतंय. उद्या दुपारी दोनला हा मेसेज टाकायचा विचार आहे, बघा बरं:

"मैत्रिणींनो, आज इचलकरंजी कॉटनचे सहा रंग आलेत, फोटो माहितीच्या ग्रुपवर आहेत. लांबी, ब्लाउजपीस, धुण्याबद्दल सगळं प्रत्येक फोटोखाली लिहिलंय. हिरवा आणि लिंबू कलर जास्त मागवलाय, तो आपल्या अंगणवाडीच्या ताईंच्या सांगण्यावरून. निफाडच्या ताईंनी काल पार्सल निघण्याआधी गिऱ्हाइकाला फोन केला, तेव्हा कळलं की ते लोक चार दिवस गावी आहेत. पार्सल थांबवलं, परत येणं टळलं. असा फोन सगळ्यांनी करूया. मागच्या आठवड्यातल्या पोचलेल्या पार्सलचे पैसे बुधवारी जमा होतील. तुमच्यात अफाट ताकद आहे, ती ओळखा!"

संगमेश्वरी

शेवटचं वाक्य काढा. बुधवारचं सगळ्यात वर घ्या.

टार्गेटग्रस्त

आणि अंगणवाडीच्या ताईंना आधी विचारा, नाव घातलेलं चालेल का.

वीणा_नाशिक

काढलं. वर घेतलं. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या चालेल, फक्त "अंगणवाडीच्या ताई" असं लिहू नका, नावच लिहा.